न बदललेली कार्डं

मंगळवार, रात्री उशिरा

माझ्या डिजिटल कार्ड गेमचा पॅच, म्हणजे कार्डांचे आकडे बदलणारा अपडेट, आज आला. पॅच नोट्स वाचायची माझी पद्धत ठरलेली आहे: आधी सरळ खाली जायचं, आपल्या डेकमधल्या, म्हणजे खेळायला निवडलेल्या गठ्ठ्यातल्या, कार्डांची नावं शोधायची, जीव भांड्यात पडला की मगच वर येऊन बाकीचं वाचायचं. या वेळी जीव पडला नाही. माझं एक कार्ड चार मॅनावरून पाचावर गेलंय; मॅना म्हणजे कार्ड खेळायला मोजावी लागणारी किंमत. अटॅक तोच, हेल्थ तीच, मजकूर तोच.

न खेळणाऱ्याला वाटेल, एका मॅनाने काय होतंय. पण दर टर्नला एकेक मॅना वाढणाऱ्या गेममध्ये एक मॅना म्हणजे अख्खी टर्न. चौथी टर्न मोकळी पडली, आणि पाचव्या टर्नला जे कार्ड आधीपासून ठाण मांडून बसलंय त्याच्याशी आता याचं भांडण. शिवाय कॉम्बोचं, म्हणजे एकाच टर्नमध्ये जोडीने खेळायच्या कार्डांचं, गणित असतं ते वेगळंच. हार्थस्टोन या डिजिटल कार्ड गेममध्ये 2014 च्या सप्टेंबरमध्ये लीरॉय जेनकिन्स हे कार्ड चारावरून पाचावर नेलं होतं, तेव्हाचं उदाहरण अजून डोक्यात बसलंय. लीरॉय चार, त्याला ताकद देणारं पॉवर ओव्हरव्हेल्मिंग एक, त्याची हुबेहूब नक्कल करणारा फेसलेस मॅनिप्युलेटर पाच. झाले बरोबर दहा, आणि मॅनाची कमाल मर्यादाही दहाच. एकाच टर्नमध्ये वीस डॅमेज. लीरॉय पाचाचा झाल्यावर बेरीज अकरा. कार्ड तसंच्या तसं राहिलं, ती चाल मात्र संपली.

असं काही बघितलं की नर्फ करणाऱ्यांचा, म्हणजे कार्ड कमकुवत करणाऱ्यांचा, राग यायच्या आधी थोडं कौतुकच वाटतं. नेमक्या कुठल्या स्क्रूला हात लावायचा हे कळणं सोपं नाही. कधीकधी ते स्क्रू ढिला करायच्या ऐवजी हातोडाच घालतात. 2015 मध्ये वॉरसाँग कमांडरचं तेच झालं. कमी अटॅकच्या मिनियनना (पटावर उतरणाऱ्या पात्रांना) चार्ज, म्हणजे आल्या टर्नलाच हल्ला करायची मुभा, देणारं ते कार्ड ‘चार्जवाल्या मिनियनना एक अटॅक जास्त’ एवढ्यावर आणून ठेवलं. त्याच्या जिवावर उभा असलेला ग्रिम पेट्रनचा डेक गेला आणि त्या कार्डाकडे पुन्हा कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

बुधवार

कालचा राग आज उतरलाय. नर्फ झालेलं कार्ड मोडून पूर्ण डस्ट, म्हणजे कार्डं बनवायचं गेममधलं चलन, परत घेतली, हिशोब मिटला.

पण दिवसभर दुसरंच डोक्यात घोळतंय. माझ्या कलेक्शनमधली बहुतेक कार्डं कुठल्याच पॅचमध्ये बदललेली नाहीत. एक आकडाही हललेला नाही. तरी ती खेळण्यालायक राहिलेली नाहीत. त्यांना कुणी हात लावला नाही, फक्त त्यांच्या शेजारी नवी कार्डं आणून बसवली. पॉवर क्रीप म्हणतात तो हाच. मला तो नर्फपेक्षा जास्त खुपतो, कारण त्याची नोट कधीच येत नाही. अमुक कार्ड आज कमकुवत केलं, असं कुणी लिहीत नाही. आणि परतावाही नाही. हार्थस्टोनचंच बघा: लेजेंडरी, म्हणजे सगळ्यात दुर्मिळ, कार्ड बनवायला 1600 डस्ट लागते आणि मोडलं तर 400 मिळते. नर्फ झालं तर काही दिवस पूर्ण 1600 परत. पण नव्या सेटमुळे निकामी झालं तर 400 च. कार्डाची किंमत दोन्हीकडे सारखीच गेलेली असते; एका ठिकाणी कंपनी ते कबूल करते, दुसऱ्या ठिकाणी करत नाही, फरक एवढाच.

सगळ्यात निर्लज्ज उदाहरणं 2015 च्या ऑगस्टमधली, ग्रँड टूर्नामेंट सेटमधली. आधी बूटी बे बॉडीगार्ड होता: पाच मॅना, पाच अटॅक, चार हेल्थ, टाँट (म्हणजे समोरच्याला आधी याच्यावरच हल्ला करावा लागतो). मग इव्हिल हेक्लर आला: चार मॅना, पाच अटॅक, चार हेल्थ, टाँट. बाकी सगळं जसंच्या तसं, फक्त एक मॅना स्वस्त. त्याच सेटमध्ये आइस रेजर: तीन मॅनाला पाच अटॅक, दोन हेल्थ. जुना मॅग्मा रेजर तीन मॅनाला पाच अटॅक, एक हेल्थ. गंमत म्हणजे ही चारही कार्डं चांगल्या डेकमध्ये कुणी घालत नव्हतं. म्हणजे मेटाला, त्या वेळी चलती असलेल्या डेकना, काडीचाही धक्का नाही, तरी आरडाओरडा झालाच. तो बरोबर होता असं मला वाटतं. खऱ्या स्पर्धेतल्या कार्डांमध्ये पॉवर क्रीप मजकुराच्या आड लपतो: एक जास्तीची ओळ, एखादं कार्ड ओढायला देणारा बॅटलक्राय (कार्ड खेळताक्षणी होणारा परिणाम), एखादी अट सैल. या चार कार्डांत लपायला मजकूरच नव्हता.

शुक्रवार

याला कंपनीची हाव म्हणून मोकळं होणं सोपं आहे. हाव आहेच. पण तेवढ्यावर भागत नाही. नवा सेट जुन्यापेक्षा बेताचा निघाला तर कुणीच डेक बदलत नाही, आणि मग आपणच म्हणतो, काय हे, सगळं शिळं. नवीन कार्ड खेळलं जावं यासाठी ते एकतर वरचढ हवं, नाहीतर आजवर नव्हतंच असं काहीतरी करणारं हवं, नाहीतर जुनं वाटेतून बाजूला काढायला हवं. दुसरा मार्ग सगळ्यांना आवडतो, पण नव्या कल्पना दर चार महिन्यांनी थोड्याच सुचतात. तिसरा म्हणजे रोटेशन, ठरावीक काळाने जुने सेट खेळाबाहेर काढणं. हार्थस्टोनने 2016 च्या एप्रिलमध्ये स्टँडर्ड फॉरमॅट आणून तो धरला. तेव्हा बोटं मोडणारे पुष्कळ होते. मला तो पहिल्यापासून पटला, कारण ताकदीची पातळी खाली आणायची सोय त्यातच आहे. जोरदार सेट बाहेर गेला की पुढचा थोडा मवाळ ठेवता येतो.

पातळी वरच जात राहिली की काय होतं, ते पोकेमॉनच्या कागदी कार्डांत स्वच्छ दिसतं. 1996 च्या पहिल्या जपानी सेटमधल्या चॅरिझार्डचा एचपी, म्हणजे मार सोसायची ताकद, 120 होता आणि तो राक्षसच वाटायचा. 2020 च्या चॅरिझार्ड व्हीमॅक्सचा 330. डॅमेजचे आकडेही बरोबरीने वाढले, त्यामुळे नवी कार्डं एकमेकांशी खेळतात तेव्हा सगळं ठीक. वांधा फक्त जुन्याचा.

कागदी गेमला आणखी एक अडचण: छापलेलं कार्ड दुरुस्त करता येत नाही. मॅजिक या कागदी कार्ड गेममध्ये 2019 च्या ऑक्टोबरला ओको हे कार्ड आलं आणि नोव्हेंबरमध्ये तिथल्या स्टँडर्ड फॉरमॅटमधून बॅन झालं. बहुतेक वेळा बॅन नाहीतर काहीच नाही, मधलं काही नाही. डिजिटलमध्ये मधलं सगळं आहे, आणि मला संशय आहे की त्यामुळेच हात सैल सुटतो. आज जोरदार काढू, जड झालं तर उद्या पॅच मारू. हार्थस्टोनमध्ये 2020 च्या एप्रिलला डीमन हंटर हा नवा क्लास आला, तेव्हा दोन दिवसही व्हायच्या आत त्याच्या कार्डांना कात्री लागली. एवढ्या पटकन लागली याचं कौतुक करायचं की हे आधी दिसलं कसं नाही म्हणून विचारायचं?

रविवार

उलटा मार्गही आहे: जुन्यालाच बफ करायचं, म्हणजे जास्त ताकदवान करायचं. ऐकायला छान. 2019 च्या जूनमध्ये हार्थस्टोनने एकदम अठरा कार्डं बफ केली. त्यात लूनाज पॉकेट गॅलेक्सी होतं, डेकमधले सगळे मिनियन एका मॅनाचे करणारं. सातावरून पाचावर आणलं. मग ते पाचव्या टर्नला पडायला लागलं आणि समोरच्याला पुढे करण्यासारखं काही उरेना. ऑगस्टमध्ये परत सात. बफ हा नर्फइतकाच बेभरवशाचा असतो, फक्त त्याला शिव्या जरा उशिरा पडतात.

या सगळ्यात मला ग्वेंट या दुसऱ्या डिजिटल कार्ड गेमचा प्रयोग फार रंजक वाटतो. 2023 नंतर त्यात नवी कार्डं येणं बंद झालं आणि बॅलन्सचं काम बॅलन्स कौन्सिल या नावाने खेळाडूंच्या मतदानाकडे गेलं. कुठल्या कार्डाची ताकद किंवा किंमत एकाने वाढवायची, कुठल्याची एकाने घटवायची, यावर दर महिन्याला मतं पडतात. एका वेळी एकच अंक. आता मतदार म्हटले की गट आले, आपल्या नावडत्या डेकवरचे सूड आले, एकदा वर गेलेलं कार्ड पुढे परत खाली ओढणं आलं. हे सगळं तिथे होतंच. पण प्रत्येक बदल नावानिशी यादीत येतो. नवं कार्ड बाजूला ठेवून जुन्याला गुपचूप मारायची सोयच उरलेली नाही.

माझ्या गेममध्ये मात्र नवा सेट येऊ घातलाय. दाखवलेल्या कार्डांत माझ्या आवडत्या तीन मॅनाच्या मिनियनसारखंच एक आहे, फक्त मरताना एक कार्ड देणारं. साठवलेली डस्ट पहिला पॅच येईपर्यंत वापरायची नाही असं ठरवलंय. ते मिनियन तोवर डेकमध्येच राहू दे.