८०८५ बोर्ड: ३२० टी-स्टेटचा एक बिट

मंडळी, माझ्या ८०८५ (इंटेलचा जुना ८-बिट मायक्रोप्रोसेसर) बोर्डवर सिरीयल आउटपुट, म्हणजे एका तारेवरून एकेक बिट पाठवणं, झालं. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) अक्षरं टर्मिनलवर स्वच्छ उमटतायत, आणि त्यासाठी बोर्डवर ८२५१ ही सिरीयल चिप लावलेली नाही. ८०८५ चा चार नंबरचा पाय, म्हणजे एसओडी (सिरीयल आउटपुट डेटा), तेवढाच वापरलाय.

बाकी बोर्ड नेहमीचाच आहे: ८०८५, ॲड्रेस लॅच करायला (पकडून ठेवायला) ७४एलएस३७३, प्रोग्रॅमला २८सी६४, रॅम ६२२५६. क्रिस्टल मात्र मुद्दाम ६.१४४ मेगाहर्ट्झचा घेतला. आतमध्ये चिप त्याचे दोन भाग करते, म्हणजे क्लॉक ३.०७२ मेगाहर्ट्झ. त्याला ९६०० ने भागा: बरोबर ३२०, बाकी शून्य. एका बिटाला ३२० टी-स्टेट, म्हणजे क्लॉकचे ३२० ठोके. हा भागाकार कागदावर केला तेव्हाच ठरवलं की बिट ३१९ चा नको आणि ३२१ चाही नको.

बिट बाहेर काढायची युक्ती जुनीच आहे, पण अजूनही बघताना मजा येते (कंसात टी-स्टेट):

एमव्हीआय ए, ८०एच (७)
आरएआर (४)
सिम (४)

पाठवायचा बिट कॅरीत, म्हणजे एका बिटाच्या फ्लॅगमध्ये, असतो. आरएआर (एक घर उजवीकडे फिरवणं) केलं की तो ॲक्युम्युलेटरच्या (ए रजिस्टरच्या) सातव्या बिटात जातो, आणि ८० मधला एक सरकून सहाव्यात येतो. एसओडीवर बिट ठेवणाऱ्या सिमला नेमकं हेच हवं असतं: सातव्यात डेटा, सहाव्यात परवानगी. तिसरा बिट शून्य राहतो, त्यामुळे इंटरप्ट मास्कला धक्काही लागत नाही. मग एसटीसी (कॅरीत एक), पाठवायचं अक्षर असलेलं सी रजिस्टर उजवीकडे फिरवणं, डीसीआर बी (बिटांची मोजणी एकने कमी) आणि जेएनझेड (शून्य नसेल तर परत वर). एसटीसीमुळे मागून एक-एक भरत जातात, तेच शेवटी स्टॉप बिट होतात.

या सगळ्याची बेरीज ४५. उरले २७५. नुसता वेळ काढणाऱ्या डिले लूपची एक फेरी १४ ची, शेवटची ११ ची. १८ फेऱ्या आणि सुरुवातीचा एमव्हीआय मिळून २५६ होतात, म्हणजे १९ कमी. तीन नॉप, म्हणजे काहीच न करणाऱ्या सूचना (१२), आणि ज्याचा काहीच उपयोग नाही असा एक एमव्हीआय ई (७). जमलं! लॉजिक ॲनालायझरवर बिटाची रुंदी १०४ मायक्रोसेकंद दिसली तेव्हा खूप बरं वाटलं.

कॉलेजच्या लॅबमधल्या ८०८५ किटवर हेच करायचो. सहा सेव्हन-सेगमेंट आकडे, चार पत्त्याचे, दोन डेटाचे. ओपकोडच्या तक्त्याची झेरॉक्स, जर्नलमध्ये हाताने आखलेले रकाने, आणि लाइट गेली की प्रोग्रॅम गेला. ३ई म्हणजे एमव्हीआय ए, सी३ म्हणजे जंप, ७६ म्हणजे हॉल्ट, हे अजून बोटांत आहे. म्हणूनच असेंबलर हाताशी असूनही छोटे रुटीन मी हातानेच कोड करतो. आजच्या प्रोसेसरवर एखाद्या सूचनेला किती वेळ लागेल ते कॅश, पाइपलाइन आणि आधी काय घडलं यावर ठरतं. १९७६ च्या या चिपवर, वेट स्टेट (मेमरीसाठी थांबण्याचे ठोके) नसतील तर, तक्त्यात ४ लिहिलंय म्हणजे ४ च. १९९७ साली मंगळावर फिरलेल्या सोजर्नर गाडीतही हिचीच ८०सी८५ आवृत्ती होती, याचा मला फार आनंद वाटतो.

कुणी हे करून बघणार असेल तर एक लक्षात ठेवा. रिसेटनंतर एसओडी लो असतो, आणि सिरीयल लाइन रिकामी असताना हाय हवी. प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच ए मध्ये सी०एच घालून एकदा सिम करा.

आता पुढचं काम: एसआयडी या सिरीयल इनपुटच्या पायावरून वाचणं. रिम (पाय वाचणं), आरएएल (तो बिट कॅरीत), जेसी (कॅरी एक असेल तर परत) असा १८ टी-स्टेटचा लूप स्टार्ट बिटाची वाट बघेल, मग दीड बिट, म्हणजे ४८० टी-स्टेट थांबून पहिला नमुना. १८ ची चूक ३२० मध्ये सहज खपायला हवी.