मृगाच्या आधी वायपरचं रबर बदलून घ्या

सोलापुरात वायपरचं रबर पावसात झिजून जात नाही हो, ते उन्हाळ्यातच जातं. मार्च ते मे गाडी उन्हात उभी, पारा 42-43 च्या पुढे, काचेला हात लावून बघा, चटका बसतो, आणि त्याच काचेला ते रबर दिवसभर चिकटून पडलेलं असतं. वायपर एकदाही न वापरता रबर कडक होतं, बारीक भेगा पडतात. आणि आपण बघतो कधी, तर पहिला वळीव आला आणि काचेवर सगळा चिखल फासला गेला की.

दिवसा शहरात चालून जातं एकवेळ, पण रात्री पुणे रोडला मोहोळच्या पुढं लागलात, समोरून ट्रकचे लाईट येताहेत, पुढची गाडी चाकातून पाणी उडवतीये आणि वायपर काचेवर नुसत्या रेघा ओढतोय, तेव्हा प्रत्येक रेघेत तो लाईट फुटतो आणि रस्त्याची कडच दिसत नाही. म्हणून मी हे सगळ्यांना परत परत सांगतो. ब्रेक, टायर बघतो आपण, मग हेही तेवढंच बघायला पाहिजे.

काचेला खरी टेकते ती रबराची एक धार, जेमतेम मिलिमीटरभर जाडीची. वायपर वर जाताना ती खाली लवते आणि खाली येताना वर, म्हणजे प्रत्येक फेरीत ती कूस बदलते. उन्हानं कडक झालेलं रबर एकाच बाजूला वाकून बसतं, मग जाताना नीट पुसतं आणि येताना थरथरत उड्या मारत येतं. नखानं धार हलकेच वाकवून बघा, लगेच सरळ झाली तर ठीक, वाकडीच राहिली किंवा कडेला भेग दिसली तर बदला. नुसत्या एक-दोन बारीक रेघा येत असतील तर मात्र आधी ओल्या फडक्यानं धार पुसा, फडकं काळंकुट्ट निघतं, बऱ्याचदा तेवढ्यावर काम भागतं.

आता छोट्या गाडीला लोखंडी फ्रेमचं जुन्या पद्धतीचं ब्लेड असेल तर अख्खं ब्लेड बदलायची गरज नसते. सर्व्हिसिंगला दिली की पूर्ण ब्लेडच टाकावं लागेल म्हणतात, पण फ्रेम गंजलेली नसेल, सांधे ढिले नसतील तर नुसता रबराचा रिफिल मिळतो, पार्टच्या दुकानात मागायचा, खर्च बराच कमी. फ्रेम नसलेलं चपटं ब्लेड असेल तर बहुतेक वेळा पूर्णच बदलावं लागतं. जुनं रबर काढून सोबत न्या, कारण ड्रायव्हरच्या बाजूची आणि दुसऱ्या बाजूची लांबी बहुतेक गाड्यांना वेगळी असते आणि रबराची रुंदीही दोन-तीन प्रकारची येते, रुंदी चुकली तर ते क्लिपात बसतच नाही.

काम अगदी सोपं आहे. वायपर उभा केला की पहिल्यांदा काचेवर जाड टॉवेल घडी करून टाका, ब्लेड काढल्यावर तो मोकळा दांडा स्प्रिंगच्या जोरानं सुटून आपटला तर काच तडकते, रबर राहिलं बाजूला. मग हुकाजवळची चाप दाबून ब्लेड दांड्याच्या बुडाकडे सरकवा, सुटतं. सोडवण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कुठलं टोक कुठं होतं ते नंतर आठवत नाही. रबराच्या एका टोकाला खाच असते, त्यात शेवटची क्लिप अडकलेली असते, त्या बाजूनं ओढलं की अख्खं रबर बाहेर येतं. रबराच्या दोन्ही बाजूंना दोन पातळ स्टीलच्या पट्ट्या असतात, त्या फेकू नका!! नवीन रिफिलसोबत पट्ट्या येतीलच असं नाही. त्यांना थोडा बाक असतो, दोन्हींचा बाक एकाच दिशेला आणि पहिल्यासारखाच आला पाहिजे, नाहीतर ब्लेड मधेच काच सोडतं. रबर सरकवताना प्रत्येक क्लिप बघत बघत जा, मधली एखादी हमखास सुटते आणि मग तेच लोखंड काचेवर घासून कायमचा चरा पाडतं, त्या चऱ्याला इलाज नाही. लांबी जास्त झाली तर खाच नसलेल्या टोकानं कापा.

नवं रबर बसवण्याआधी काच स्वच्छ पाहिजे हेही सांगून ठेवतो. डिझेलचा धूर, वॉशिंगवाल्याचं पॉलिश, सगळ्याचा तेलकट थर बसलेला असतो, त्यावर नवीन रबरही फरफटतंच. रबराला खोबरेल, रॉकेल, टायरचं पॉलिश असलं काही लावायचं नाही, तेलानं रबर फुगतं आणि काचेवर पडदा धरतो. आणि धुळीवर कोरडा वायपर कधीच फिरवू नका. होटगी रोड, अक्कलकोट रोडच्या बाजूला धूळ किती असते माहितीये, ती रबराखाली सापडली की एका फेरीत धार खाते. आधी पाणी मारा, मग वायपर.

त्या पाण्याचंही बघा. आपल्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, म्हणून बहुतेकांच्या गाडीत बोअरचं पाणी जातं, त्याच्या क्षारानं फवाऱ्याची भोकं बुजतात आणि काचेवर पांढरे डाग पडतात. भोकं टाचणीनं हळूच मोकळी होतात, डागाला व्हिनेगर लावून लगेच धुवून टाका. घरात एसी असेल तर त्याच्या नळीचं पाणी धरून ठेवा, त्यात क्षार जवळजवळ नसतात, टाकीत तेच भरा. कपडे धुवायची पावडर मात्र घालू नका.

आणि मृगाच्या आधी बदललं म्हणून वर्षभर विसरू नका, आपल्याकडे जोराचा पाऊस खरा सप्टेंबरमध्ये येतो, तेव्हा गणपतीच्या आसपास एकदा धारेवरून परत फडकं फिरवा.