पिक्चर एक नंबर

ऑपरेटरला पब्लिक दिसतं ते पाठीमागून. केबिनच्या भिंतीत दोन काचा असतात. एकीतून मशीनचा उजेड बाहेर जातो, दुसरीतून आम्ही बघतो. 1997 पासून मी निपाणीतल्या एका टॉकीजमध्ये त्या दुसऱ्या काचेपाशी उभा आहे. त्यामुळं गावातली बरीच माणसं मला तोंडापेक्षा टाळूवरून लवकर ओळखू येतात. पिक्चर चालणार की पडणार हे मी त्या टाळूंवरून सांगतो. डोकी हलेनाशी झाली म्हणजे पकडलं. गाणं लागल्या लागल्या उजव्या दाराकडं रांग लागली म्हणजे गाणं गेलं. डोकं खुर्चीच्या पाठीखाली उतरलं तर माणूस झोपला, पण दुपारच्या शोला बरेचजण झोपायलाच येतात, तेव्हा त्यांचं मत धरायचं नसतं.

गेल्या पावसाळ्यात एका आठवड्यासाठी एक मराठी पिक्चर लागला. नाव घेत नाही, घेतलं तरी कुणाला आठवणार नाही. गावाकडं मोटार रिवाइंडिंग करणारं एक पोरगं. वादळी रात्री उडालेला डीओ, म्हणजे खांबावरचा फ्यूज, टाकायला खांबावर चढतं, अकरा हजार व्होल्टचा झटका बसतो, खाली पडतं आणि उठतं. तेव्हापासून त्याच्या अंगात ताकद. पण त्याला ती नकोच असते. हात लपवतं, कामावर जायचं टाळतं, आईशी खोटं बोलतं. इंटरव्हलपर्यंत नुसतं नको नको. पोशाख म्हणाल तर पिवळा रेनकोट. उडतं सगळ्या पिक्चरमध्ये दोनदाच, आणि दुसऱ्या वेळी डाव्या कोपऱ्यात क्रेनचा दोर पुसायचा राहून गेला होता. पब्लिकला दिसला नाही. मला पहिल्याच शोला दिसला, आणि नंतर आठवडाभर मी त्या दोराचीच वाट बघायचो.

शुक्रवारी 12 चा शो दहा कमी एकला सुरू झाला. कारण ‘की’, म्हणजे पिक्चरची किल्ली. आता पिक्चर डब्यातून येत नाही, हार्ड डिस्कमधून नाहीतर नेटवरून येतो आणि सर्व्हरला कुलूपबंद पडून राहतो. कुलपाची किल्ली ईमेलनं वेगळी येते. ती एकाच सर्व्हरच्या नंबराला लागते आणि ठरल्या तारखेला, ठरल्या वेळेला मरते. आम्ही सर्व्हर बदलून वर्ष झालं, तरी किल्ली पाठवणाऱ्यांच्या कागदावर जुनाच नंबर. खाली 23 माणसं तिकीट काढून बसलेली आणि मी फोनवर नंबर वाचून दाखवतोय, आठ की बी, बी म्हणजे बेळगावचा बी. पलीकडचा पोरगा विचारतो, बेळगाव कुठं आलं? रिळाच्या जमान्यात पेटी कोल्हापूरहून एसटीच्या टपावरून यायची. ती उशिरा आली तर निदान शिवी कुणाला द्यायची हे ठाऊक असायचं.

तेवढ्यात वितरकाच्या पोराचा फोन. ‘काका, आमच्याकडं टीम पाठवायचं बजेट नाही. तुम्हीच शो सुटल्यावर गेटवर पब्लिकच्या रिॲक्शन घ्या. मोबाईल आडवा धरा.’ मालक म्हणाला, घे की, तुला वर काय काम असतंय आता? हे वाक्य मला दहा-बारा वर्षं ऐकावं लागतंय. पूर्वी वर काम होतं. एका मशीनवर वीसेक मिनिटांचं रीळ, दुसऱ्यावर पुढचं भरून ठेवलेलं. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात पहिला ठिपका चमकला की दुसरी मोटर सुरू करायची, सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका आला की शटर फिरवायचं. पब्लिकला सांधा कळता कामा नये. आणि त्या मशीनमध्ये कार्बनच्या दोन कांड्या जळत असायच्या, त्यांच्यातलं अंतर आम्ही काळ्या काचेतून बघत हातानं राखायचो. रात्रीचा सीन आला की मी अंतर जरा नीट करून घ्यायचो, ज्योत सरळ व्हायची, पडदा उजळायचा. कुणी शिकवलं नव्हतं.

आता झेनॉनचा दिवा आहे, आणि या सगळ्या गोष्टीत माझा सल तोच आहे. झेनॉनच्या दिव्याला तास ठरलेले असतात. तास संपत आले की काच आतून काळवंडते, उजेड पिवळट पडतो. तेव्हा अँपिअर वाढवून दामटायचं म्हटलं तर दिवा आतल्या दाबानं फुटू शकतो. बदलताना आम्ही तोंडावर जाळीचं कवच आणि हातात जाड मोजे घालतो ते उगीच नाही. आमच्या दिव्याचे तास त्या आधीच्या दिवाळीतच संपले होते. पडद्यावर 14 फूट-लॅम्बर्ट उजेड पाहिजे असा नियम आहे. सर्व्हिसचा इंजिनिअर मीटर घेऊन आला होता तेव्हा आमच्याकडं निम्मासुद्धा भरला नाही. मालक म्हणाला, मोठा पिक्चर येईल तेव्हा बदलू. दिव्याच्या पैशात त्याच्या मते गेटवरचे दोन वॉचमन वर्षभर निघतात. वॉचमन आमच्याकडं एकच आहे, आणि तोच तिकिटं फाडतो.

आणि हा पिक्चर निम्मा रात्रीचा. गरीब पिक्चरवाल्यांना रात्र परवडते, मागं काय आहे ते दाखवावं लागत नाही.

शो सुटला. मी आयुष्यात पहिल्यांदा गेटवर पब्लिककडं तोंड करून उभा राहिलो. मोबाईल आडवा.

कॉलेजची पोरं पहिली आली. मोबाईल दिसताच त्यांनी केस सारखे केले. ‘एक नंबर! कडक! पैसा वसूल!’ आता ही पोरं इंटरव्हलनंतर मोबाईल पेटवून बसली होती, मी वरून मोजले होते, आठपैकी सहा चौकोन. मोबाईल खाली केल्यावर त्यांतलाच एकजण म्हणाला, ‘काका, फायटिंग कुठाय हो? दीड तास नको नको करतोय. घरात बसायचं हुतं मग.’ म्हटलं, हेच बोल की कॅमेऱ्यात. नको म्हणाला. मराठी पिक्चर आहे, आपणच नाव ठेवलं तर कसं.

हे आमच्याकडचं खास. सीमाभागात मराठी पिक्चरला वाईट म्हणणं म्हणजे घरचं भांडण रस्त्यावर आणणं. चांगलं बोलतात आणि परत येत नाहीत. त्यापेक्षा संकेश्वरकडून आलेलं कन्नड जोडपं बरं. बाई सरळ म्हणाली, ‘चलो ऐत्री, फायटिंग कडिमि ऐति.’ चांगला आहे, मारामारी कमी आहे. विषय संपला.

विडीकाम करणाऱ्या पाच बायका होत्या. त्या दिवशी कंत्राटदाराकडं पान आलं नव्हतं, हजार विड्यांची हजारी भरायची नव्हती, म्हणून पिक्चरला. त्यांच्यातली थोरली मोबाईलकडं न बघता माझ्याकडंच बघत बोलली. ‘ताकद हाताला आलीया आन हात लपवतंय. आमचं हात बघा.’ आणि तिनं बोटं पुढं केली. तंबाखूनं नखांच्या कडा तपकिरी पडलेल्या, अंगठ्याच्या पेरावर दोऱ्यानं पडलेली बारीक चीर. ‘पर गुणाचं हाय. आईला येवढं रडवाय नगो हुतं.’ दुसरी म्हणाली, ‘निम्मं दिसलंच न्हाई. काळा पिक्चर हाय.’

काळा पिक्चर. त्या दिवसात हे मी सात जणांकडून ऐकलं. एकालाही सांगितलं नाही की काळा पिक्चर नाही, दिवा काळा आहे.

शेवटी एक म्हातारा उतरला. मागून दुसऱ्या रांगेतली टाळू, मी ओळखली. अख्ख्या पिक्चरभर न हललेली, फक्त खांबाच्या सीनला पुढं झुकलेली. छत्री काखेत, चप्पल हातात, गेटवर पाणी साचलं होतं म्हणून. मी मोबाईल धरला. म्हटलं, मामा, कसा वाटला पिक्चर?

त्यांनी डावा हात वर केला. करंगळी आणि शेजारचं बोट मुळापासून नाही.

‘पिक्चर एक नंबर खोटा हाय बघा, पावनं.’

मी हसलो. ते हसले नाहीत. ‘डीओ टाकाय खांबावर चढतंय व्हय कोण? खालनं काठीनं टाकत्यात. पावसात, अनवाणी, जीओएस न पाडता.’ जीओएस म्हणजे लाइन तोडायचा दांडा, हे त्यांनीच सांगितलं. पस्तीस वर्षं लाइनमन होते. ‘आता पोरास्नी ज्युनियर पॉवरमन म्हणत्यात. कागदावरच पॉवरमन केल्यात, ह्यो रेनकोट कशाला घालाय लागतोय?’ मग पाय वर करून टाच दाखवली. टाचेला रुपयाएवढा खड्डा, वर गुळगुळीत कातडी. ‘करंट हाताकडनं शिरला आन हितनं भायेर पडला. ताकद आली न्हाई. सा म्हैने चमचा धराय येत नव्हता. तवा सायेब म्हणाला चढ, लाइन बंद हाय, आन मी चढलो. नको म्हणालो न्हाई.’

मी मोबाईल खाली घ्यायला पाहिजे होता, तीस सेकंदांचंच मागितलं होतं. पण हात तसाच राहिला.

‘पर पोरगं खरं हाय,’ ते म्हणाले. ‘नको म्हणतंय न्हवं सारखं? तेवढंच खरं हाय.’

आणि 2019 चा पूर काढला. ऑगस्टमध्ये यमगर्णीला वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं आणि पुणे-बेंगळुरू रस्ता बंद पडला, ते इकडं कुणालाच सांगावं लागत नाही. त्यांची नोकरी तेव्हा वर्षभरच उरली होती. काठावरच्या एका गावात लाइन जोडून द्यायची होती, खांब पाण्यात, जायला होडी. लोक काठावर ओरडतायत, पिण्याचं पाणी नाही, मोटर चालू करा. हे होडीत बसून राहिले. लाइन क्लिअरचा, म्हणजे लाइन बंद केल्याचा, निरोप सबस्टेशनमधून आल्याशिवाय खांबाला हात लावणार नाही म्हणाले. तीन तास. एका पोरानं काठावरून चिखल मारला, भित्रा म्हणून. निरोप आला, तरीही यांनी आधी अर्थिंगची साखळी टाकली, आणि लाइन बंद असताना ठिणगी उडाली. गावात कुणीतरी घरचा जनरेटर लावला होता. मेन स्विच न पाडता. त्याचा करंट ट्रान्सफॉर्मरमधून उलटा चढून वरच्या तारेत अकरा हजार होऊन बसला होता.

‘मग मोटर चालू झाली?’

‘झाली की. चिखल मारलेलं पोरगंच कळशी घेऊन पयलं.’ थांबले. चप्पल खाली टाकून पाय घातले, पाण्यातच. ‘येक सांगा, पावनं. त्यो खांबावर जातोय तवा त्येचं तोंड कसं हुतं? मला दिसलंच न्हाई. म्हणून वाकून बघत हुतो.’

म्हटलं, अंधाराचा सीन आहे मामा.

सगळे व्हिडिओ संध्याकाळी पाठवले. म्हाताऱ्याचा 4 मिनिटं 10 सेकंदांचा पूर्ण पाठवला, वर लिहिलं की हा जरूर बघा. शनिवारी दुपारी पोरानं जोडलेला व्हिडिओ आला, खाली ढोल. कॉलेजची पोरं, ‘कडक’. विडीवाली बाई, ‘गुणाचं हाय’. आणि शेवटी आमचा लाइनमन, हात वर, तीन बोटं, ‘पिक्चर एक नंबर’. तिथंच कापलेलं. ‘खोटा’चा ख सुरू होताना ओठ जरा उघडतात तेवढं दिसतं, ते मला दिसतं. हात गोठवून त्यावर पाच तारे टाकले होते. बोटं नसलेला पंजा लांबून बघितला तर जिंकल्याची खूण केल्यासारखा वाटतो.

मी फोन केला. पोरगा म्हणाला, काका, एवढं कोण ऐकतंय? आणि म्हाताऱ्याचा फेस भारी आहे. मी पुढं काही बोललो नाही. मला रागवायचा हक्क होता की नाही तेच मला कळेना.

बुधवारी मामा आले. पिक्चरला नाही, नुसते गेटवर. नातवानं व्हिडिओ दाखवला होता. मला वाटलं आता ऐकावं लागणार. ते म्हणाले, ‘मी आसं म्हणालो हुतो व्हय?’ म्हटलं, पुढचं कापलं त्यांनी. ‘आसू दे. खात्यातल्या पोरांचं फोन आलं. चहा पाजा म्हणत्यात, हिरो झालासा म्हणून.’ मग माझ्याच पैशानं आम्ही चहा घेतला. दिव्याचं तेव्हा सांगता आलं असतं. पाऊस, एसटी, सोयाबीन, सगळं बोललो.

पुढच्या शुक्रवारी मोठा हिंदी पिक्चर होता. गुरुवारी रात्री शेवटचा शो सुटल्यावर मालकानं नवीन दिवा पाठवला. खोक्यातून काढताना मोजे, कवच, सगळं सोपस्कार. बसवून पांढरा उजेड पडद्यावर टाकला तर पडद्यावरचं तिसऱ्या शिवणीजवळचं ठिगळसुद्धा दिसलं, जे मी स्वतः लावून विसरलो होतो.

वेळ बघितली, साडेबारा. तो पिक्चर अजून सर्व्हरला होता. म्हटलं, खांबाचा सीन तेवढा लावून बघू, तोंड कसं होतं. पुढं सरकवून प्ले दाबलं. नावापुढं लाल कुलूप आलं. ‘की’ 12 ला संपली होती.