लोणंद ते बरड, डबा घेऊन

दिंडीत नाव घालताना वीणेकरी मामांनी विचारलं, "माळ आहे का?"

"नाही मामा. मी ख्रिस्ती आहे."

"मग खाणंपिणं?"

"वारीत असेपर्यंत तसलं काही नाही."

"दिंडीतल्या जेवणाची भिशी भरली?"

"भरली."

"मग झालं. तुमचा तो औषधाचा डबा तेवढा ट्रकात टाकू नका, वर गाद्या पडतात."

एवढीच काय ती चौकशी. साताऱ्यात मात्र महिनाभर माझी उलटतपासणी चालली होती. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, त्या दिवसांत बायबलातल्या याकोबाच्या पत्रावर उपदेश सुरू होते. क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे, उघड्या-उपाशी माणसाला नुसतं "सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा" म्हणून काय उपयोग, हे सगळ्यांना पाठ आहे. मी म्हटलं, बरं, मग मी वारीत पायांना पट्ट्या बांधायला जाते. शेजारच्या आक्का वर्षानुवर्षं माऊलींच्या पालखीबरोबर चालतात, त्यांच्याच दिंडीत. तर उपासना संपल्यावर एक भाऊ धर्मप्रचाराच्या पत्रिकांचा गठ्ठा घेऊन हजर. "सिस्टर, एवढा समुदाय पुन्हा कुठे मिळणार? मलमपट्टीबरोबर एकेक हातात द्या. साक्ष झाली पाहिजे."

मी घेतला नाही. फोड आलेल्या माणसाचा पाय आपल्या हातात असतो, तो उठून जाऊ शकत नाही. अशा वेळी त्याच्या हातात कागद ठेवायचा म्हणजे बिल दिल्यासारखंच. त्यांना ते पटलं नाही. पुढे तरडगावात एका पोरगेल्या टाळकऱ्याने गळ्यातला क्रूस बघून विचारलं, "बाई, धर्म बदलायला आलाय का आमचा?" तेव्हा मला त्या भावांचीच आठवण झाली. दोघांचा हिशेब एकच, फुकट कोण काय करतंय!

माझं नर्सिंगचं प्रशिक्षण मिरजेचं. डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ साली तिथे जो दवाखाना काढला, त्याच्याच वॉर्डांत मी तापाचे तक्ते भरायला शिकले. आमच्या तिथल्या मेट्रन प्रार्थना करायच्या ती ड्युटीच्या आधी, पेशंटच्या उशाशी बसून नाही. अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व वारीसाठी आळंदीला जाताना मिरजेवरून जातात, तेव्हा आम्ही पोरी गेटवर पळत जाऊन बघायचो. वारीशी माझा संबंध तेवढाच. आणि टाळाचा. टिळकांचे, म्हणजे आमच्या नारायण वामन टिळकांचे, अभंग आम्ही उपासनेत टाळ-पखवाजावरच म्हणतो. १८९५ साली ख्रिस्ती झालेला हा माणूस आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगायचा, आणि शेवटी येऊन राहिला तो साताऱ्यात. त्यामुळे पहिल्याच संध्याकाळी कुणीतरी चेष्टेने माझ्या हातात टाळ दिले आणि ते बरोबर ठेक्यात वाजले, तेव्हा आक्कांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

नीरा ओलांडून पालखी आमच्या जिल्ह्यात येते. पाडेगावला पादुकांचं स्नान झालं, आम्ही लोणंदला मिळालो. लोणंदचा मुक्काम मला आठवतो तो चिखल, कांद्याचा वास आणि संडासाची रांग असा. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, म्हणजे वारकऱ्यांच्या रांगांमधून अश्वांची दौड. घोडे गेले, टापांखालची माती घ्यायला ही झुंबड. मी मागे उभी राहिले. आक्कांनी माझ्या वाटणीची माती कागदात बांधून आणली. नको कसं म्हणणार? पण ड्रेसिंगच्या डब्यात मी ती ठेवू दिली नाही, पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवली.

काम विसाव्याला चालायचं. बूड टेकलं की पाच मिनिटांत समोर पायांची ओळ. भेगा, फोड, मुरगळे, उपटलेली नखं, डांबर चिकटलेल्या टाचा. बहुतेक प्रवचनकार मला भेटले की प्रभूने शिष्यांचे पाय धुतले ते सांगतात. सांगू देत. त्या माडीवर बाराच जणांचे पाय होते, आणि पाणी आणायला टँकर शोधावा लागला नव्हता. इथे कुणाला नाव विचारायचं नाही, माऊली म्हणायचं आणि पाय मांडीवर घ्यायचा. अडचण व्हायची ती पट्टी बांधून झाल्यावर. माणूस उठायचा आणि सरळ माझ्या पायावर डोकं ठेवायला वाकायचा. माझ्या वडिलांच्या वयाची माणसं! लहानपणापासून कुणाच्या पाया पडायचं नाही आणि पडून घ्यायचं नाही, अशा घरात मी वाढले. मी पाय ओढून घ्यायची आणि ते बिचारे चपापायचे. आक्का म्हणाल्या, "अगं, ते तुझ्या पाया पडत नाहीत. तू मधे नको येऊस." त्यानंतर मी पाय ओढणं सोडलं. पण पटलं असं नाही.

तरडगावच्या मुक्कामी एक आजोबा आले. लातूरकडचे, कोरडवाहू शेती. अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम, तीत खडा रुतलेला, आणि आजोबा आरामात गप्पा मारतायत. दुखत नाही म्हणतात.

"साखर आहे का?"

"हाय की. गोळ्या घरी ऱ्हायल्या."

ज्याला पायाचं दुखणं कळत नाही, त्याला पंढरपूरपर्यंत चालू देणं म्हणजे बोट, कदाचित पाऊलही, गमावायला लावणं. मी जखम धुतली, खडा काढला, सरकारी ॲम्ब्युलन्सकडे साखर तपासायला पाठवलं, गोळ्या मिळवून दिल्या. आणि सांगितलं, आजोबा, उद्यापासून ट्रकात बसायचं. आजोबा एकदम लालबुंद. "बापानं पायी केली, आज्यानं केली. मी मालट्रकात जाऊ? मग घरीच मेलो असतो." मी जोरात समजावलं, त्यांनी दुप्पट जोरात नकार दिला, भोवती माणसं जमली, सगळे त्यांच्याच बाजूने. मला रडू यायच्या बेताला राग आला.

मामा लांबून बघत होते. मधे पडले नाहीत. रात्री जेवणं झाल्यावर आजोबांच्या शेजारी जाऊन बसले, पानाचा डबा काढला. पिकापाण्याच्या गप्पा बऱ्याच झाल्या. मग सहज बोलल्यासारखं म्हणाले, "आपल्या ट्रकावर भांडी हायेत लाखाच्या घरात. डायव्हर पोरगं नवं हाय, कुठं थांबंल तिथं झोपतंय. कुणी जाणतं माणूस भांड्यांवर पाहिजे व्हतं. तरणी पोरं बसायला तयार न्हाईत, त्यांना मिरवायचं असतं."

आजोबा जरा वेळ सुपारी चघळत राहिले. "मी बसतो की," म्हणाले. "पण संध्याकाळी समाजआरतीला मला उभा करायचा."

"करणार."

एवढंच. दुसऱ्या दिवशी आजोबा पातेल्यांच्या राशीवर काठी घेऊन बसलेले, जाणाऱ्या-येणाऱ्याला दरडावत होते. मला मात्र तळावर बसल्याबसल्या याकोबाचा तिसरा अध्याय आठवत राहिला. क्रियांचा दुसरा अध्याय सगळ्यांच्या तोंडी असतो. तिसऱ्यात तो विचारतो, तुमच्यात ज्ञानी कोण आहे? असेल त्याने ते लीनतेने, चांगल्या वागण्यातून दाखवावं. त्याच्याच आधी जिभेबद्दल काय काय लिहिलंय, तेही आठवलं. जखमेचं सगळं मला माहीत होतं, आजोबांचं मामांना. पत्र न वाचताच.

तरडगाव ते फलटण हा टप्पा वीसेक किलोमीटरचा. पालखीमार्गाच्या रुंदीकरणाचं भूमिपूजन २०२१ साली झालं, त्या रुंदीकरणात रस्त्याकडेची जुनी सावली गेली. रस्ता ऐसपैस झाला, कुणी नाकारत नाही. पण दुपारी एकला त्या रस्त्यावर अनवाणी चालणाऱ्या बाईला विचारा. पाऊस रुसलेला, ढग नुसते येऊन जात होते. सुरवडीच्या पुढे एका टेम्पोतून केळी वाटणारे उभे होते. वाटणारे म्हणजे फेकणारे. एक जण केळी फेकतोय, दुसरा मोबाइलवर त्याचं चित्रण करतोय, आणि म्हाताऱ्या बाया वाकून केळी गोळा करतायत. साली तिथेच. एक बाई घसरून पडली. तिच्या गुडघ्याला पट्टी बांधताना मी त्या पोरांना जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटलं नाही.

निंभोऱ्याच्या अलीकडे माझाच डावा पाय गेला. चवड्याखाली फोड होताच, तो पसरला. पाऊल टाकलं की मस्तकात कळ. दिंडी पुढे गेली, पखवाज ऐकू येईनासा झाला, मागच्या दिंड्या अंगावरून जाऊ लागल्या. आपल्या दिंडीतून सुटलं की ही वारी एकदम नुसती गर्दी होते. बंद पंक्चरच्या दुकानाच्या पायरीवर बसले. डबा उघडला आणि कळलं, स्वतःच्या चवड्याखाली बघायला मान वळत नाही.

एक म्हातारी शेजारी येऊन बसली. डोक्यावरची तुळस अलगद खाली ठेवली, माझ्याकडे न बघताच माझा पाय ओढून मांडीवर घेतला. परभणीकडची. पिशवीतून सुई काढली, हळदीने पिवळा झालेला दोरा ओवला, काडी पेटवून सुईचं टोक धरलं.

"मावशी, थांबा. दोरा आत ठेवू नका. जंतू जातात त्यातून."

"कोन म्हनतं?"

"मी नर्स आहे."

"मंग सोताच्या पायाचं असं काहून केलंस?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोरा आत ठेवू नये हे मी आजही सांगते, तुम्हीही ठेवू नका. पण तिचा हात बघत होते. कातडी फाडली नाही, कडेने एका बाजूने सुई आत, दुसऱ्या बाजूने बाहेर, पाणी दोऱ्यावरून थेंब थेंब उतरलं. शस्त्रक्रियेनंतर आम्ही ड्रेन ठेवतो, त्यामागचं तत्त्व हेच. आमची तडजोड झाली. तिने दोरा घातला, पाणी गेल्यावर मी तो ओढून काढायला लावला आणि बेटाडीन लावलं.

"लाव तुझं बी," म्हणाली. मग ती लाल बाटली निरखून, "माह्या पायाला बी लाव थोडं." तिचा पाय काय सांगावा! टाच अशी भेगाळलेली की कापूस अडकत होता. मी तिचा धुतला, पट्टी बांधली. तेवढ्यात तिला माझा क्रूस दिसला.

"तुहा देव कोन्ता गं माय?"

"येशू."

"त्याची वारी आस्ती का?"

"नाही. अशी नाही."

"मंग येत जाय हिकडंच."

असं म्हणून तिने पदरातली गुळशेंगदाण्याची पुडी सोडली, अर्धी माझ्या ओंजळीत घातली, तुळस डोक्यावर घेतली आणि चालू लागली. गाव विचारायचं राहिलं. तिच्या दिंडीचा नंबरही बघितला नाही. पुढे फलटणला विमानतळाच्या मैदानावर एवढ्या राहुट्या, तिथे कोण कुणाला सापडणार? समाजआरतीला चोपदारांनी चोप, म्हणजे हातातला दंड, वर केला, सगळा तळ गप्प झाला, हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची यादी पुकारली गेली. छत्री, चष्मा, टाळांची जोडी. आजोबा मामांच्या खांद्याला धरून उभे होते, पट्टी कोरडी होती. मी हरिपाठाला बसलेच नाही, राहुटीत जाऊन झोपले. प्रार्थनाही केली नाही त्या रात्री.

बरडला माझी वाट संपली. पुढे धर्मपुरीला पालखी सोलापूर जिल्ह्यात जाते, आणि माझ्याजवळचा गॉजही संपला होता. मामांनी उरलेल्या दिवसांची भिशी परत करायला पैसे काढले. मी घेईना, ते ठेवेनात. शेवटी आक्कांनी ते पैसे आजोबांच्या गोळ्यांना दिले आणि आमचं भांडण मिटवलं. जाताना मामा म्हणाले, "आमच्या साताऱ्याच्याच आरफळच्या हैबतबाबांनी हा सोहळा असा बांधून दिला. तुम्ही बी साताऱ्याच्या. पुढल्या साली गुडघ्याला बांधायच्या त्या पट्ट्या जास्ती आणा."

त्या रविवारी मंडळीत मला साक्ष द्यायला उभं केलं. मी किती पट्ट्या लागल्या, मधुमेहाच्या पायांची काय अवस्था असते, ते सांगितलं. पत्रिकावाल्या भावांनी मागून विचारलं, "प्रभूबद्दल कुणाशी बोललात?" एकीने विचारलं तेव्हा सांगितलं, म्हटलं. मग ती काय म्हणाली, तेही सांगितलं. पाळकसाहेबांना हसू आवरेना. भाऊ हसले नाहीत. पण खजिनदारांनी पुढच्या वर्षीच्या सामानाचा खर्च मंडळीने करावा असा ठराव मांडला आणि तो मंजूर व्हायला आला होता, तेवढ्यात कुणीतरी सुचवलं, मग डब्यावर मंडळीचं नाव ठळक घालू या. मी म्हटलं, नाव घालायचं असेल तर खर्च नको. त्यावर अर्धा तास चर्चा झाली, पाळकसाहेब दोन्ही बाजूंना मान डोलवत राहिले. निर्णय पुढच्या सभेवर गेला आहे. मी तोवर पोवई नाक्यावरच्या दुकानात क्रेप बँडेजचा घाऊक भाव विचारून ठेवला आहे. सहा इंची घेतल्या तर गुडघ्याला पुरतात, चार इंची सुटतात.