तुम्ही विचारलंत म्हणून: वेळेत डॉक्टरांना का दाखवत नाही?

"एवढं मोकळेपणानं बोलता, मग त्रास झाल्यावर वेळेत डॉक्टरांना का दाखवत नाही?" सातपूरच्या ऑफिसातले विचारतात, मित्र विचारतात, परवा घरमालकीण काकूंनीही विचारलं. मी पुरुष नाही आणि बाईही नाही, हे तुम्हाला माहीत आहे. ते परत उगाळत नाही.

"एकदा मानसोपचारतज्ज्ञांना भेटाच" म्हणणाऱ्यांसाठी: भेटून झालंय, झोपेसाठी. गोळ्यांनी झोप आली, बाकी मी आहे तस्सं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनंही आजारांच्या नव्या यादीत हा विषय, म्हणजे जन्मावेळी लिहिलेलं लिंग आणि स्वतःची ओळख न जुळणं, मानसिक आजारांतून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात टाकलाय. १ जानेवारी २०२२ पासून ती यादी लागू आहे.

तर, दोन वर्षांपूर्वी अंगावरून पांढरं जात होतं. (घ्या, 'मुळात कोण' ते कळलं. बऱ्याच जणांना तेवढंच हवं असतं.) गंगापूर रोडवरचा एक दवाखाना. एकटं जायची हिंमत नव्हती म्हणून सोबत मावशी. एरवी 'गेलो' की 'गेले' टाळायला मी अख्खं वाक्य फिरवते-फिरवतो, आणि नेमकं काउंटरवर तोंडातून निघालं, "दाखवायला आले." आत हिरवा पडदा अर्धवट ओढलेला. खालून मावशीच्या चपला दिसत होत्या. डॉक्टरांनी कागदावरून मान न उचलता विचारलं, "लग्न झालंय?"

हा प्रश्न लग्नाबद्दल नसतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मी चपलांकडे पाहिलं. "नाही."

"मग तसलं काही नाही. उष्णता असेल."

मलम, सुती कपडे वापरा, पाचशे रुपये.

पुढचे सहा महिने मी पाठ करून झोपण्यात काढले. तिला कारण सांगितलं नाही. आधी ती विचारायची, मग तिनं विचारणं सोडलं. झोप उडाली ती तेव्हापासून.

पूर्वी हा किस्सा सांगताना सगळं खापर मी त्या डॉक्टरांवर फोडायचं. पण संबंध आहेत, एका बाईशी, एवढं सांगायला किती वेळ लागतो? आणि चपला? बरं, मावशीला कोणी आणलं होतं? तरीही. त्यांनी मान वर केली असती तर मी बोललं असतं, असं मला अजून वाटतं. कधी कधी वाटत नाही.

शेवटी सरकारी दवाखान्यातलं सुरक्षा क्लिनिक. लैंगिक आजारांची तपासणी आणि औषधं तिथे फुकट मिळतात. समुपदेशक ताईंनी आधी दार लावलं, मग विचारलं, "जोडीदार आहे?" दहा मिनिटांत सगळं सांगून झालं. हातात हिरवं पाकीट आलं, दोन नंबरचं. तिथे तक्रारीनुसार पाकिटांचे रंग ठरलेले असतात. आठवड्याभरात आराम पडला. 'जोडीदार' हा शब्द त्यांच्या फॉर्मवर छापलेला होता की त्यांचा स्वतःचा, ते विचारायचं राहिलं.

पुन्हा दाखवायला बोलावलं होतं. दोनदा सीबीएस स्टँडपर्यंत जाणं झालं. चहा घेतला आणि परतीची सिटीलिंक बस पकडली.