पाण्यापासून दूर गेलेला यॉट क्लब

होबोकेनला राहायला येऊन मला सहा वर्षे झाली. न्यू जर्सीतील हडसनकाठचे हे लहानसे शहर आपल्याकडील अनेक घरांना स्टीव्हन्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमुळे नावाने तरी ठाऊक असते, कारण दरवर्षी तेथे शिकायला येणाऱ्या मराठी मुलामुलींची संख्या बरीच आहे. ज्या स्टीव्हन्स घराण्याच्या नावाने ती संस्था उभी आहे, त्याच घराण्यातील जॉन कॉक्स स्टीव्हन्स यांनी न्यूयॉर्क यॉट क्लब, म्हणजे हौसेने शिडाच्या नौका चालवणाऱ्यांचा क्लब, स्थापन केला, आणि त्या क्लबची पहिली वास्तू मॅनहॅटनमध्ये नव्हे, तर आमच्या होबोकेनच्या काठावर होती, हे मला बऱ्याच उशिरा समजले. तेव्हापासून नदीकाठच्या रस्त्यावरून चालताना माझी नजर आपोआप पाण्याकडे जाते.

३० जुलै १८४४ रोजी मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाशी, बॅटरी नावाच्या भागासमोर, स्टीव्हन्स यांची ‘गिमक्रॅक’ ही स्कूनर, म्हणजे दोन डोलकाठ्यांची शिडाची नौका, नांगरून उभी होती. तिच्यावर नऊ जण जमले, त्यांनी क्लब स्थापन केल्याचे ठरवले आणि स्टीव्हन्स यांना कमोडोर, म्हणजे क्लबचे प्रमुख, निवडले. कचेरी नाही, इमारत नाही, फक्त नौका आणि माणसे. पुढच्याच वर्षी स्टीव्हन्स कुटुंबाच्या जमिनीवर, एलिशियन फील्ड्स नावाच्या हिरव्यागार मैदानात, एक छोटी लाकडी वास्तू उभी राहिली. तिचे वास्तुकार अलेक्झांडर जॅक्सन डेव्हिस होते. त्या काळी न्यूयॉर्कची माणसे रविवारी फेरीने नदी ओलांडून या मैदानात हवा खायला येत आणि बेसबॉलचे अगदी सुरुवातीचे सामनेही येथेच झाले. बेसबॉलची आठवण सांगणारा फलक अकराव्या रस्त्यावर आहे. मैदान मात्र केव्हाच गेले. तेथे पुढे कॉफीचा प्रचंड कारखाना आला, तोही गेला, आणि आता उंच निवासी इमारती व एक सुरेख उद्यान आहे.

क्लबचे नाव जगभर झाले ते १८५१ मध्ये. स्टीव्हन्स आणि त्यांच्या पाच सोबत्यांनी जॉर्ज स्टीअर्स या तरुण आराखडाकाराकडून ‘अमेरिका’ ही स्कूनर बांधून घेतली. तिची वंशावळ मला फार महत्त्वाची वाटते. स्टीअर्स पायलटांच्या, म्हणजे जहाजांना बंदरात वाट दाखवणाऱ्या जाणकारांच्या, नौका बांधत असे. बंदरात शिरणाऱ्या जहाजापर्यंत जो पायलट आधी पोहोचेल त्याला ते जहाज आत आणण्याचे काम मिळे, त्यामुळे त्या नौकांना कोणत्याही हवामानात वेगाने पळावेच लागे. श्रीमंतांच्या हौसेला मिळालेला तो वेग मुळात पोटासाठी पाण्यावर जाणाऱ्या माणसांच्या गरजेतून घडलेला होता, आणि हे श्रेय त्यांना आवर्जून दिले पाहिजे असे मला वाटते. ‘अमेरिका’ची नाळ, म्हणजे पुढचे टोक, लांब आणि धारदार होती, डोलकाठ्या मागे झुकलेल्या होत्या, आणि तिची सुती शिडे ताठ, सपाट बसत, तर इंग्लिश नौकांची लिननची शिडे वाऱ्याने पोट फुगवून राहत. २२ ऑगस्ट रोजी आइल ऑफ वाइट बेटाभोवतीच्या शर्यतीत तिने रॉयल यॉट स्क्वॉड्रन या इंग्लिश क्लबच्या नौकांना हरवले आणि गॅरार्ड या पेढीने घडवलेला चांदीचा चषक जिंकला. तो सुरईच्या आकाराचा आहे आणि त्याला तळच नाही, त्यामुळे त्यातून काही पिता येत नाही.

१८५७ च्या जूनमध्ये स्टीव्हन्स वारले आणि पुढच्याच महिन्यात हा चषक, पुढे ‘अमेरिकाज कप’ म्हणून ओळखला गेलेला, दानपत्रासह क्लबकडे आला. निरनिराळ्या देशांमधील मैत्रीपूर्ण स्पर्धेसाठी तो कायम खुला राहावा, अशी अट त्या पत्रात होती. क्लबने ती पाळली, पण पाळताना पारडे आपल्याकडे झुकते ठेवले, हे माझे स्पष्ट मत आहे. १८७० च्या पहिल्या लढतीत इंग्लंडहून आलेल्या ‘कँब्रिया’ला एकटीने क्लबच्या संपूर्ण ताफ्याशी झुंजावे लागले. पुढे आव्हान देणाऱ्या नौकेने स्वतः शिडे उभारून समुद्र ओलांडून यावे, असा नियम दीर्घकाळ होता. अशी नौका वादळे सोसण्याइतकी दणकट, म्हणून जड बांधावी लागे; यजमानांच्या नौकेवर मात्र असे बंधन नसे. १८९९ ते १९३० या काळात पाच वेळा आलेले चहाचे व्यापारी सर थॉमस लिप्टन पाचही वेळा रिकाम्या हाताने परतले.

मधल्या काळात क्लब स्टेटन बेटावर गेला, मग मॅडिसन ॲव्हेन्यूवर आला. १८९८ मध्ये कमोडोर असलेल्या जे. पी. मॉर्गन या बँकमालकाने पश्चिम ४४व्या रस्त्यावर जमीन दिली. तेथे वॉरन आणि वेटमोर या वास्तुकारांच्या पेढीने बांधलेली वास्तू १९०१ मध्ये उघडली. ग्रँड सेंट्रल स्थानकाच्या रचनेतही पुढे याच पेढीचा वाटा होता. आत केवळ सभासदांना व त्यांच्या पाहुण्यांना प्रवेश असल्याने मी ती रस्त्यावरूनच पाहिली आहे. दर्शनी भिंतीतील तीन खिडक्या म्हणजे जुन्या गलबतांच्या तीन पिछाड्या आहेत, जणू गलबते नुकतीच इमारतीत शिरली आहेत आणि मागचा भाग तेवढा बाहेर राहिला आहे. खाली उभे राहून वर पाहिले की खिडक्यांखालून दगडात कोरलेले पाणी आणि शेवाळ पदपथाच्या दिशेने ओघळताना दिसते. दोन्ही बाजूंच्या नद्या तेथून एक किलोमीटरहून दूर आहेत. आतील प्रतिकृती-दालनात हजाराहून अधिक नौकांच्या लाकडी प्रतिकृती आहेत. सभासदाने आपल्या नौकेची प्रतिकृती क्लबला द्यावी, हा दंडक अगदी जुना आहे.

चषकही याच वास्तूत लांब खिळ्याने घट्ट बसवून ठेवलेला होता. १३२ वर्षे तो न्यूयॉर्ककरांनी सोडला नाही. २६ सप्टेंबर १९८३ रोजी ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्टजवळच्या समुद्रात ‘ऑस्ट्रेलिया २’ने क्लबच्या ‘लिबर्टी’ला ४-३ असे हरवले. आराखडाकार बेन लेक्सन यांनी ‘ऑस्ट्रेलिया २’च्या कीलला, म्हणजे तळाखाली पाण्यात उतरणाऱ्या पात्याला, पंख जोडले होते, आणि क्लबने त्या रचनेवर आक्षेप घेऊन पाहिला होता. ‘लिबर्टी’ ३-१ ने पुढे होती, हे आजही येथील जुनी माणसे हळहळून सांगतात.

होबोकेनची ती पहिली लाकडी वास्तू मात्र टिकली. ती अनेक वर्षे कनेक्टिकटमधील मिस्टिकच्या सागरी संग्रहालयात होती, आणि १९९९ मध्ये न्यूपोर्टला, क्लबच्या हार्बर कोर्ट या आवारात नेण्यात आली. तेथे ती पुन्हा पाण्याच्या काठी उभी आहे.