'रागा जॅझ स्टाइल' (1968): धुणं झालं, भैरवी अजून फाटतेय

कव्हरवर शंकर-जयकिशन दिसले की दुकानदार ही रेकॉर्ड सिनेमाच्या गठ्ठ्यात टाकतो आणि जॅझवाले तो गठ्ठा चाळत नाहीत. आत अकरा राग, रईस खाँ यांची सतार, मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन, जॉन परेरांचा ट्रंपेट, लेस्ली गुदिन्हो ड्रम्सवर. मोकळा विस्तार कमी, बांधणी घट्ट. कट्टर जॅझवाले नाकं मुरडतील, मुरडोत.

प्रत एचएमव्हीची, ईसीएसडी मालिकेतली, म्हणजे स्टीरिओ. ओरखडे किरकोळ, पण उजेडात तिरकी धरली की धुरकट ठिपके दिसतात. ही दमट हवेतली बुरशी. नुसत्या कोरड्या ब्रशने ती खाचांत पसरते.

धुण्यासाठी 800 मिली डिस्टिल्ड वॉटर, 200 मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल, बिनवासाच्या लिक्विड सोपचे दोन थेंब. लेबल झाकायचं, मऊ ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवायचा, दोन मिनिटं मुरू द्यायचं, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा खंगाळायचं. नळाचं पाणी नको, क्षार खाचांत बसतात. लाखेच्या जुन्या, मिनिटाला 78 फेऱ्यांच्या रेकॉर्डला हे मिश्रण अजिबात लावू नका, अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. उभी वाळवून नव्या पिशवीत. जुनी पिशवी फेकायचीच, बुरशी तिच्यातही असते.

खरखर बरीच गेली. उरलेली टकटक दर 1.8 सेकंदांनी येते, म्हणजे मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या गतीत एका फेऱ्याला एकदा. तो ओरखडा, धुऊन जाणार नाही.

खरी अडचण शेवटच्या भैरवीत. तिथे ट्रंपेट चढला की आवाज फाटतो. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे 51 सेंमी खाच सरकते, लेबलाजवळ जेमतेम 21. तेवढ्यात तीच कंपनं दाटीने कोरलेली असतात. प्रत्येक रेकॉर्ड शेवटाकडे फाटत असेल तर काड्रिजचा (सुई ज्यात बसते त्या भागाचा) कोन तपासा, प्रोट्रॅक्टरच्या, म्हणजे कोन जुळवायच्या पट्टीच्या, मध्यापासून 66 आणि 120.9 मिमीच्या दोन्ही खुणांवर. इथे बाकीच्या रेकॉर्ड स्वच्छ वाजतात, सुईचा खाचेवरचा भारही 2 ग्रॅमवर बरोबर आहे. तेव्हा संशय जड सुईने घासलेल्या खाचांवर.

पुढची पायरी: सध्याच्या व्हीएम95ई काड्रिजवर मायक्रोलिनिअर, म्हणजे बारीक घडवलेल्या टोकाची, सुई. काड्रिज तेच राहतं, फक्त सुई बदलते. तिचं टोक खाचेच्या भिंतीला वेगळ्या उंचीवर टेकतं; तो भाग शाबूत असला तर भैरवी सुधारेल, नसला तर दुसरी प्रत शोधायची.